नाव देणारे आणि नावं ठेवणारे

लालबाग-परळमध्ये पूर्वी एखादा पोरगा कबड्डी खेळतो असं कळलं, की पहिला प्रश्न यायचा, ‘कुठल्या मंडळाचा?’ मग दुसरा, ‘कुणाचा तू?’ आणि तिसरा, ‘वडील कुठल्या गिरणीत?’ पोराच्या चढाया आणि पकडी यांची चौकशी त्यानंतर. म्हणजे खेळाडू म्हणून ओळख पटायच्या आधीच तीन ओळखी त्याच्या खिशात असायच्या.

आज मुंबईतल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. सामना संपला की बरीच मुलं आधी पाणी पीत नाहीत, पिशवीतून फोन काढतात. मघाशी मारलेल्या षटकाराचा किंवा केलेल्या चढाईचा व्हिडिओ कुणीतरी टाकलेला असतो. तो किती जणांनी पाहिला, किती जणांना आवडला, कोण काय म्हणालं, हे बघायचं असतं. या मुलांना नावं ठेवायला मी इथं आलेलो नाही. खेळाडूला त्याचं नाव कोण देतं आणि हे नाव देणारे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या शहरात कसे बदलत गेले, तो इतिहास मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या खेळाडूंना फोन इतका का चिकटतो, याचं उत्तर मला त्या इतिहासात सापडतं.

सुरुवात गिरगावापासून करू. चौपाटीकडून मरीन ड्राइव्हनं चर्चगेटच्या दिशेनं निघालं, की हिंदू, इस्लाम, पारशी अशा जिमखान्यांची मैदानं एकापाठोपाठ लागतात. या नावांतच त्या काळची रीत दिसते. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात क्रिकेटचे प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ नावाचा पाचवा संघ येऊन पंचरंगी. १९४६ मध्ये ती बंद पडली. एवढी वर्षं मुंबईच्या मैदानावर खेळाडूची पहिली ओळख त्याचा जन्म ठरवत होता. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं त्या सामन्यांच्या आठवणी मोठ्या हौसेनं सांगत. पण धावा कुणी काढल्या याआधी ‘आपण’ जिंकलो की ‘ते’, हे सांगत.

याच काळात पळवणकर बाळू यांच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज होऊन गेला. चर्मकार समाजातला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करता करता त्यांना गोलंदाजी टाकायला लागला. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्या हातातलं कसब हवं होतं, म्हणून ते संघात आले. पण पुण्यात चहाच्या सुट्टीत इतरांना कपबशी आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले. कर्णधारपद तरीही त्यांना दिलं गेलं नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले, तेव्हा कुठं त्या घराण्याला तो मान मिळाला. खेळाडू हे नाव किती मोलाचं असतं, हे बाळूंच्या आयुष्यावरून कळतं. जन्मानं चिकटवलेल्या नावावर मात करायला त्यांच्याकडे हेच एक नाव होतं, आणि ते त्यांनी चेंडू टाकून कमावलं.

आता गिरगावातून आमच्या परळला येऊ. इथं खेळ बहरला तो गिरणीच्या भोंग्यावर. पहिली पाळी सुटली की संध्याकाळी नरे पार्क, कामगार मैदान आणि गल्लीबोळांतल्या मोकळ्या जागा भरायच्या. कबड्डीला भांडवल लागत नाही. माती, चुन्याच्या रेषा आणि चौदा माणसं एवढं पुरतं. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते. १९५३ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा होत्या. चांगला खेळणाऱ्याला गिरणीत, रेल्वेत, बेस्टमध्ये किंवा बँकेत चिकटता यायचं.

या खेळाडूंची प्रसिद्धी व्हायची कुठं? मंडळाच्या फळ्यावर. आमच्या चाळीच्या तोंडाशी असा एक फळा होता. विजय झाला की रात्री कुणीतरी सुंदर अक्षर असलेला मुलगा रंगीत खडूनं अभिनंदन लिहायचा, खाली खेळाडूंची नावं. सकाळी कामावर जाणारा प्रत्येक माणूस ते वाचून जायचा. पण दुसऱ्या दिवशी तोच फळा पुसून त्यावर ‘उद्या पाणी येणार नाही’ असं लिहावं लागे. कौतुकाला एक दिवसाचं आयुष्य होतं. त्यानंतर तो खेळाडूही बाकीच्यांसारखा बादली घेऊन नळावर उभा राहायचा, आणि तिथं कुणी त्याला रांग मोडू देत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात होते, मी शाळकरी पोर होतो. त्या संपात माणसांचं काम गेलं, तसे गिरण्यांचे संघही गेले. आमच्या चाळीत गिरणीकडून खेळणारा एक नावाजलेला चढाईपटू होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. एका वर्षात त्याची नोकरी गेली, संघ गेला, गुडघाही गेला. त्यानं भाजीची गाडी लावली. संध्याकाळी मात्र तो आम्हा पोरांना रेषेवर उभं करून पाय कसा टाकायचा ते शिकवायचा. तो खेळत नव्हता तरी कुणाचा तरी मुलगा होता, शेजारी होता, भाजीवाला होता, आमचा दादा होता. सगळेच असे सावरले नाहीत. कित्येक दारूत बुडाले, कित्येक गावी निघून गेले. पण जे सावरले, त्यांच्याकडे खेळाशिवाय आणखी एखादं नाव शिल्लक होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

महाविद्यालयीन खेळाडूंतही हाच नियम दिसतो. अजित वाडेकर एलफिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी. घरच्यांना मुलगा इंजिनिअर व्हायला हवा होता, मुलगा क्रिकेटकडे वळला. विद्यापीठाच्या क्रिकेटमधून ते वर आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये भारतानं वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. मुंबईनं त्यांना डोक्यावर घेतलं. तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरून संघ परतला, तेव्हा त्याच वाडेकरांच्या घरावर दगड आले. थोड्याच दिवसांत त्यांनी खेळ सोडला. पण वाडेकर स्टेट बँकेत अधिकारी होते. खेळाचं दार बंद झालं तरी बँकेचं उघडं होतं, आणि तिथं ते मोठ्या पदापर्यंत पोचले. पुढे भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून पुन्हा मैदानाकडे आले. तेव्हा जमावाची चंचलता आजची नाही. पन्नास वर्षांपूर्वी ती दगडानं बोलायची. फरक इतकाच, की दगड मारणारे रात्री आपापल्या घरी झोपायला जात.

१९९३ मध्ये ब्रूअर, व्हॅन रालटे आणि लिंडर या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीला एक नाव दिलं. खेळाडू म्हणून असलेली स्वतःची ओळख मोजायला त्यांनी दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली तयार केली. मी स्वतःला किती प्रमाणात खेळाडू समजतो, माझे मित्र खेळाडूच आहेत का, खेळता आलं नाही तर माझं काय होईल, अशा धर्तीची ती विधानं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात प्रश्न होता, की ही ओळख म्हणजे हर्क्युलिसचे बाहू की अकिलीसची टाच? आपल्या भाषेत विचारायचं तर, भीमाची गदा की दुर्योधनाची मांडी? उत्तर दोन्ही आहे. ओळख पक्की असेल तर पोरगा पहाटे पाचला उठून शिवाजी पार्कला जातो, पावसात धावतो, हरला तरी परत येतो. पण तीच ओळख एकुलती एक असेल, तर दुखापत झाली किंवा संघातून नाव वगळलं गेलं, की ‘मी कोण?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर उरत नाही.

अशा एकनामी मुलांच्या हातात पुढे फोन आला. २००६ च्या सुमाराला पान कधीच संपू नये अशी, बोटानं सरकवत राहण्याची युक्ती निघाली. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं. ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं. सप्टेंबर २०१६ नंतर आपल्याकडे मोबाइलवरचा डेटा इतका स्वस्त झाला, की चाळीतल्या पोराला आणि टॉवरमधल्या पोराला सारखाच मिळायला लागला.

हे चिकटतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं फार पूर्वी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला, तर कबुतर पोटापुरतं खाऊन थांबतं. दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं केलं की ते चोच मारतच राहतं. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचं मन असंच चालतं, हे आमच्या भागात समजावून सांगायला नको. फोनही तसाच. उघडल्यावर कधी पन्नास लाइक दिसतात, कधी दोन, कधी एखादी शिवी. पुढच्या वेळी काय निघेल ते ठाऊक नसतं, म्हणून हात पुन्हा तिकडे जातो. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की माणसाच्या मनाचा हा कच्चा दुवा बनवणाऱ्यांना ठाऊक होता आणि तो धरूनच रचना केली गेली.

व्यसन हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेम खेळण्याच्या विकाराची नोंद आहे. समाजमाध्यमांच्या व्यसनाची स्वतंत्र नोंद नाही. तासन्‌तास फोन बघणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. पण झोप मोडते, सराव चुकतो, अभ्यास राहतो, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, असं झालं तर त्याला मदत लागते, मग शब्द कुठलाही वापरा. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेनं २०१४ मध्येच यासाठी वेगळा दवाखाना सुरू केला, तो काही हौसेनं नाही.

मी कवी आहे, त्यामुळे कौतुकाच्या भुकेबद्दल मला थोडं कळतं. मुशायऱ्यात एखादा शेर जमला, की समोरचा रसिक ‘मुकर्रर’ म्हणतो. तो तिथं बसलेला असतो, त्यानं शेर ऐकलेला असतो, आणि पुढचा शेर पडला तर तोच मान खाली घालतो. त्या दादेला डोळे असतात. मैदानातही तसंच. पकड कशी जमली हे कडेला उभ्या असलेल्या जुन्या खेळाडूला कळतं, आणि त्याच्या नुसत्या ‘हं’ला पोरगा वर्षभर जपतो. पडद्यावरच्या आकड्याला डोळे नाहीत. पाहणाऱ्यानं पूर्ण चढाई पाहिली की अर्ध्यावर बोट सरकवलं, हेही त्या मुलाला कळत नाही. त्या पाहणाऱ्याच्या लेखी तो कुणाचा मुलगा नाही, कुठल्या वर्गात शिकत नाही, त्याचा गुडघा दुखत नाही. तो फक्त पंधरा सेकंदांचा खेळाडू आहे. मुलाची बाकीची सगळी नावं गळून पडतात आणि जे एक उरतं, त्याचा भाव तासातासाला वरखाली होत राहतो.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी हॅरिस शिल्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. ती सगळ्यांना कळली वर्तमानपत्रातून, आणि दुसऱ्या सकाळी त्यांना पुन्हा आचरेकर सरांसमोर उभं राहायचं होतं. हे सर बाद न झालेल्याला एक रुपयाचं नाणं देत आणि चुकलेल्याला सगळ्यांदेखत बोलत. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा काढल्या. डाव चालू असतानाच ती बातमी फोनाफोनांतून जगभर गेली. पुढच्याच वर्षी, खेळ अपेक्षेप्रमाणे होत नाही म्हणून, त्याच्या वडिलांनी मुंबई क्रिकेट संघटनेला मुलाची शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. त्या मुलाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तो फोनच्या आहारी गेला असंही माझं म्हणणं नाही. पण कोवळ्या खांद्यावर केवढ्या जगाच्या नजरा एका दिवसात येऊन बसल्या, याचा विचार करा. वडिलांचा तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. मुलाला पुन्हा नुसता मुलगा होण्याची मोकळीक त्यात होती.

तरीही फळ्याचा काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. त्याच काळात बाळूंच्या हातात मातीचं भांडं होतं. आमच्या चाळीच्या फळ्यावर मी एकाही मुलीचं नाव वाचल्याचं मला आठवत नाही. मंडळं नाव द्यायची, तशी नावं ठेवायचीही, आणि कोण ‘आपला’ आणि कोण नाही हेही ठरवायची. फोननं ही कुंपणं काही प्रमाणात तोडली आहेत. २०१४ मध्ये वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हापासून मातीतला खेळ पडद्यावर आला आणि कबड्डी खेळतो हे सांगताना महाविद्यालयातल्या मुलांची मान ताठ झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाला हरवून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की या स्पर्धेत मला चिंतेनं ग्रासलं होतं, मी रडत होते. आमच्या दादाच्या पिढीत एवढ्या मोठ्या खेळाडूनं हे उघडपणे बोलणं कल्पनेपलीकडचं होतं. तिचे ते शब्द याच पडद्यांवरून हजारो मुलींपर्यंत पोचले. म्हणून फोन फेकून द्या, हा सल्ला मी देणार नाही. कुणी ऐकणारही नाही.

मग करायचं काय? कबड्डीतच एक चांगला नियम आहे. चढाईपटूनं समोरच्या अंगणात जरूर जावं, पण एका दमात, तीस सेकंदांत, मध्यरेषेपर्यंत परत यावं. फोनमध्ये जाण्याला अशी शिट्टी वाजत नाही, ती आपल्याला वाजवावी लागते. प्रशिक्षकांनी सरावाआधी फोन एका टोपलीत गोळा करावेत, स्वतःचासुद्धा. सामन्याचे व्हिडिओ त्याच रात्री न टाकता दोन दिवसांनी टाकावेत, तोवर हार-जीत थोडी निवलेली असते. दुखापत झालेल्या मुलाला घरी पाठवून देऊ नये. त्याच्या हातात गुणलेखनाची वही द्यावी, पंचगिरी शिकवावी, धाकट्यांना शिकवायला सांगावं. रात्री फोन उशाशी नको, दुसऱ्या खोलीत असावा. परळच्या दहा बाय दहाच्या घरात दुसरी खोली कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. मग निदान फळीवर, आईच्या डब्यांमागे ठेवावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मुलाला खेळाखेरीज दुसरं एखादं काम, दुसरी एखादी आवड, दुसरी एखादी ओळख असू द्यावी. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्या सगळ्यांना पुरणार नाहीत हे उघड आहे. वाडेकरांच्या मागे बँक होती, दादामागे चाळ होती. आता गिरण्या नाहीत, चाळी पाडून टॉवर झाले, बँकांच्या संघांची पूर्वीची रया गेली. मुलांची दुसरी नावं आपण, म्हणजे शहरानंच, हिरावून घेतली आहेत. रिकाम्या झालेल्या त्या जागेत फोन येऊन बसला, तर दोष एकट्या मुलांचा कसा?

आमच्या लहानपणी सामना हरून आलेल्या पोराला आई फार काही विचारायची नाही. ‘आलास? जा, पाव घेऊन ये,’ एवढंच म्हणायची. त्यात सांत्वनाचा एक शब्द नसे. पण पोराला कळायचं, की आपण हरलो तरी घरात आपलं काम तसंच आहे. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी पुढच्या वेळी हरून येईल आणि कोपऱ्यात फोन घेऊन बसेल, तेव्हा फोन हिसकावून घेऊ नका. काहीतरी आणायला पाठवा, आणि जमलं तर बरोबर तुम्हीही जा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)